हिब्रू शास्त्रार्थातील लहान शब्द आणि बेने इस्राएलांची मराठी

भाषेतील नामे आणि क्रियापदे ह्यांना जो मान मिळतो तो अव्ययांच्या वाट्यास सहसा येत नाही. 'व', 'की', 'ही', 'तर', 'मात्र' हे शब्द वाचताना डोळा त्यांच्यावरून सहज घसरून जातो. परंतु ज्या ग्रंथाचे प्रत्येक अक्षर ईश्वरप्रणीत मानले जाते, त्या ग्रंथाच्या भाष्यकाराला असे घसरून जाण्याची मुभा नसते. तेथे 'व' का आला आणि 'किंवा' का आला नाही, ह्या प्रश्नावर माणसाचा प्राण अवलंबून असू शकतो. यहुदी शास्त्रपरंपरेत ह्या लहान शब्दांचा जो कीस काढला गेला तो जगाच्या भाष्यवाङ्मयात प्रसिद्ध आहे. मात्र त्या परंपरेचा एक प्रवाह कोकणपट्टीतून मराठीत उतरला आणि मराठी घरांत वर्षानुवर्षे ऐकला गेला, ही गोष्ट मराठी भाषेच्या अभ्यासकांच्या ध्यानात फारशी राहिलेली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या दोन टोकांमधील अंतर थोडेसे चालून पाहणार आहोत.

प्रथम मूळ स्थान. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस पॅलेस्टाइनमध्ये नाहूम ईश गमजू नावाचे एक गुरू होऊन गेले. 'ईश गमजू' म्हणजे गमजू गावचा माणूस. आमच्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएलांच्या रीतीने म्हणावयाचे तर गमजूकर. त्यांच्या नावावर तालमुदात एक कोटी आहे. कोणतेही संकट आले तरी ते म्हणत की हेही बऱ्यासाठीच असेल, आणि हिब्रूत 'हेही' ह्याला शब्द 'गम जू' असाच आहे. ज्याच्या नावातच 'गम', म्हणजे मराठी 'ही', दडलेला आहे त्याने ह्या शब्दाचे शास्त्र करावे हे शोभून दिसते. त्यांचा सिद्धांत असा होता की 'एत' आणि 'गम' हे शब्द जेथे येतात तेथे मूळ वचनात उच्चारलेल्या गोष्टींशिवाय आणखी काही अंतर्भूत करावयाचे असते, आणि 'अख' व 'रक', म्हणजे 'मात्र' व 'केवळ', जेथे येतात तेथे काहीतरी वगळावयाचे असते. त्यांच्यापाशी बावीस वर्षे राहून रब्बी अकिवा ह्यांनी हा मार्ग आत्मसात केला आणि तो पराकोटीस नेला.

संस्कृत भाष्यांशी परिचय असलेल्या वाचकाला हे सारे अनोळखी वाटणार नाही. सूत्रातील एखादा 'च' अनावश्यक दिसला की टीकाकार म्हणतात, हा 'च' अनुक्तसमुच्चयासाठी आहे, म्हणजे जे सांगितलेले नाही तेही त्यातून घ्यावयाचे आहे. 'एव' आला की तो कशाचा व्यवच्छेद करतो हा प्रश्न नैयायिकांनी किती लांबविला हे सर्वश्रुत आहे. ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच्या एकट्या 'अथ' ह्या शब्दाचा अर्थ मंगल, अधिकार की आनंतर्य, ह्यावर शंकराचार्यांनी सविस्तर विचार केला आहे. दोन परंपरांचा परस्परांशी संबंध नसता दोहोंना एकच युक्ती सुचावी ह्यात नवल नाही. ग्रंथ निर्दोष आहे आणि त्यात एकही शब्द वाया गेलेला नाही असे एकदा गृहीत धरले की पुढची पावले ठरलेलीच असतात.

ह्यातील 'एत' हा शब्द मोठा विलक्षण आहे. तो हिब्रू बायबलात सुमारे ११,००० वेळा येतो आणि त्याला स्वतःचा असा अर्थ जवळजवळ नाही. निश्चित कर्माच्या आधी तो कर्माची खूण म्हणून बसतो. मराठीत 'घोडा आण' आणि 'घोड्याला आण' ह्यांत जो फरक आहे तो ज्याला कळतो त्याला 'एत'चे काम कळेल. आमची खूण शब्दाच्या मागे लागते, त्यांची पुढे, एवढेच. अशा केवळ खुणेचा शब्द घेऊन शिमोन हाआम्सोनी नावाच्या विद्वानाने संपूर्ण तोरेतील प्रत्येक 'एत'चे व्याख्यान करावयास घेतले. प्रत्येक ठिकाणी त्याने काही ना काही अंतर्भूत केले. असे करीत तो त्या आज्ञेपाशी आला जिच्यात ईश्वराचे भय धरण्यास सांगितले आहे. तेथेही 'ईश्वर' ह्या शब्दापूर्वी 'एत' होता. ईश्वराबरोबर आणखी कोणाचे भय धरावयाचे? कोणाचेही नाव घेतले तरी ते पाखंड ठरणार. शिमोन थांबला, इतकेच नव्हे तर मागील सर्व व्याख्याने त्याने मागे घेतली. शिष्यांनी विचारले, आता त्या साऱ्या व्याख्यानांचे काय? त्याचे उत्तर असे की व्याख्यानाचे जसे पुण्य मिळाले तसेच माघारीचेही मिळेल. पुढे अकिवा आले आणि त्यांनी सांगितले की ह्या 'एत'ने शास्त्रज्ञ पंडितांचा अंतर्भाव होतो.

अकिवांचे उत्तर परंपरेने स्वीकारले. परंतु आम्हांस ह्या कथेत मोठा वाटतो तो शिमोन. आयुष्यभर रचलेली पद्धती एका स्थळी लागू पडत नाही असे दिसताच तिचा डोलारा आपल्या हाताने उतरविणारे पंडित कोणत्याही देशात थोडेच. अकिवांचे उत्तर चतुर आहे. पण पंडितांनी पंडितांचेच भय शास्त्रात बसविले, अशी शंका घेण्यास त्यात जागा उरते. अर्थात अकिवा हे केवळ चातुर्यावर जगणारे पुरुष नव्हते. परंपरा सांगते की त्यांनी चाळिसाव्या वर्षी अक्षरे गिरविली. रोमविरुद्ध बार कोखबाचे जे बंड इ. स. १३२ ते १३५ ह्या काळात झाले, त्या सुमारास रोमन सत्तेने त्यांचे हाल करून त्यांना ठार केले.

अकिवांच्या समोर उभे होते रब्बी इश्माएल. त्यांचे म्हणणे असे की तोरा माणसांच्या भाषेत बोलते. माणसे बोलताना द्विरुक्ती करतात, भरीचे शब्द घालतात, तसे तिच्यातही आहे. त्यांनी शास्त्रार्थाचे तेरा नियम सांगितले आणि ते यहुद्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत आजही समाविष्ट आहेत. यास्काने निपातांचे वर्ग सांगताना 'पदपूरण' असा एक वर्ग केला, म्हणजे काही निपात केवळ पाद भरण्यासाठी येतात असे मान्य केले. इश्माएलांना तो वर्ग नक्कीच रुचला असता, अकिवांना मुळीच नव्हे.

ह्या दोघांचा एक संवाद मिद्राशात आला आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात, आकाश आणि पृथ्वी ह्यांच्या निर्मितीचे कथन आहे तेथे, दोन्ही नामांपूर्वी 'एत' आहे. तो कशासाठी? एक उत्तर असे दिले आहे की 'एत' नसता तर आकाश आणि पृथ्वी हीसुद्धा देवतांची नावे आहेत आणि त्या देवतांनी मिळून निर्मिती केली असा अर्थ एखाद्याने केला असता. दुसरे उत्तर अंतर्भावाचे आहे: आकाशाबरोबर सूर्य, चंद्र, नक्षत्रे आणि पृथ्वीबरोबर वृक्ष, तृण इत्यादी. पहिले उत्तर आम्हांस शुद्ध व्याकरणाचे वाटते. हिब्रूत क्रियापद आधी, कर्ता नंतर आणि मग कर्म. कर्त्याला प्रत्यय नाही. तेव्हा कर्मावर खूण नसेल तर कर्ता कोठे संपला आणि कर्म कोठे सुरू झाले हे केवळ अर्थावरून ठरवावे लागते. हे वाक्य मराठीत आणताना ती भीती उरतच नाही, कारण भूतकाळी सकर्मक प्रयोगात मराठी कर्त्यालाच 'ने' लावते. ज्याने केले त्याच्यावर शिक्का बसला की केलेल्या वस्तू बिनशिक्क्याच्या राहिल्या तरी चालते. ज्या शंकेसाठी रब्बींना मिद्राश रचावा लागला तिचे निरसन आमच्या तृतीयेने आधीच करून ठेवले आहे. उलट बाजूने पाहता, त्या 'एत'मधून सूर्यचंद्र काढावयाचे असतील तर मराठी भाषांतरात ते कोठून काढणार?

हीच अडचण ग्रीकमध्ये अक्विलाला पडली. दुसऱ्या शतकातील हा भाषांतरकार अकिवांच्या परंपरेशी जोडला जातो. त्याने 'एत' गळू द्यावयाचा नाही असा निश्चय करून त्याच्या जागी ग्रीकमध्ये 'सह' ह्या अर्थाचा शब्द घातला, आणि तोही ग्रीक व्याकरणाला न मानवणाऱ्या विभक्तीसह. पुढे संत जेरोम ह्याने त्याची यथेच्छ थट्टा केली. थट्टा योग्यच होती. तरीही अक्विलाला काय वाचवावयाचे होते हे ध्यानात घेतले म्हणजे हसू थोडे ओसरते.

आता 'व' ह्या शब्दाकडे वळू. हिब्रूत 'वाव' हे अक्षर शब्दाच्या आरंभी जोडले की 'आणि' असा अर्थ होतो. हिब्रू बायबलात ते अशा रीतीने सुमारे ५०,००० वेळा येते. पण त्याचा अर्थ 'आणि' एवढाच नाही. 'पण', 'किंवा', 'तर', 'मग', 'म्हणजे' इतक्या साऱ्या छटा त्या एका अक्षरात राहतात. लेवीय ग्रंथात पित्याला 'व' मातेला शाप देणाऱ्यास मृत्युदंड सांगितला आहे. ह्या 'व'वरून रब्बी योशिया आणि रब्बी योनातान ह्यांचा वाद झाला. योशिया म्हणतात, 'व'ने दोघांना मिळून असाच अर्थ निघतो. एकट्या पित्याला किंवा एकट्या मातेला शाप दिला तरी दंड आहे, हे त्याच वचनातील पुढच्या पुनरुक्तीवरून काढावे लागते. योनातान म्हणतात, 'व'मध्ये दोन्ही अर्थ आहेत, एकत्रही आणि पृथक्‌ही. जेथे एकत्रच अभिप्रेत असते तेथे शास्त्र 'एकत्र' असा शब्द स्वतः घालते, जसे बैल आणि गाढव एकत्र जुंपू नये ह्या आज्ञेत घातला आहे. ह्या प्रसंगी निकाल दोघांचाही एकच. भांडण होते ते मार्गाचे, आणि मार्ग भिन्न असला की दुसऱ्या एखाद्या खटल्यात निकालही भिन्न होतो.

मराठी व्याकरण शिकलेल्या कोणालाही येथे द्वंद्व समासाची आठवण होईल. 'आईबाप' हा इतरेतर द्वंद्व, विग्रह 'आई आणि बाप'. 'बरेवाईट' हा वैकल्पिक द्वंद्व, विग्रह 'बरे किंवा वाईट'. 'मीठभाकर' हा समाहार, त्यात कालवणही आले. पाणिनीनेही द्वंद्वाची व्याख्या 'च'च्या अर्थावरच उभी केली आणि टीकाकारांनी त्या 'च'चे समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार असे चार अर्थ केले. योशिया वाव इतरेतरयोगाने लावतात, योनातान त्यात विकल्पालाही जागा देतात. मराठीची गंमत अशी की ती समास करून उभयान्वयी शब्द गिळून टाकते आणि वाद श्रोत्याच्या समजुतीवर सोपविते. 'जो आईबापांना शिव्या देईल त्याला घरात थारा नाही' असे म्हटल्यावर, मी फक्त बापाला शिव्या दिल्या अशी पळवाट कोणी काढू लागला तर त्याला कोणीही हसेल. योनातानांचे मत मराठी कानाला उपजतच पटते.

हा विषय केवळ प्राचीन आहे असे मात्र समजू नये. आम्ही भोपाळात चार इमलीत राहतो. १९५६ साली हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि ह्या भागात शासकीय अधिकाऱ्यांचे बंगले आले. सचिवालयातील फाइलींवर 'तथा', 'एवं', 'अथवा' ह्यांचा अर्थ लावण्यात ज्यांची उमर गेली अशी माणसे येथे सकाळी फिरावयास भेटतात. कायद्यातील 'आणि' हा प्रसंगी 'किंवा' असा वाचावा लागतो हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे, आणि ते समजावून सांगताना ही मंडळी जे युक्तिवाद करतात ते ऐकून योनातानांना परके वाटले नसते. येथील मराठी घरांतील लहान शब्दांचाही एक इतिहास होऊ शकेल. घरची नामे आणि क्रियापदे मराठी राहतात, परंतु 'तर'च्या जागी हिंदी 'तो' नकळत येऊन बसतो. भाषेला परक्या वाऱ्याचा पहिला स्पर्श होतो तो बहुधा ह्याच सांध्यांत.

कोकणात घडले ते ह्याच्या उलट होते. कुलाब्याच्या किनाऱ्यावर, नवगावच्या परिसरात, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' ह्या नावाने ओळखले जाणारे बेने इस्राएल लोक शब्बाथ पाळीत होते, सुंता करीत होते, 'शेमा' हे वचन म्हणत होते. हिब्रू मात्र त्यांच्यातून जवळजवळ लोपली होती. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सामुएल इझिकिएल दिवेकर ह्यांनी बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक म्हणून आले आणि मिशनऱ्यांनीही शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे मराठी व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. म्हणजे मराठीचे स्वतःचे ते प्रसिद्ध व्याकरण निघण्याच्या चार वर्षे आधी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापून निघाले होते.

विल्सनसारख्यांचा हेतू उघड होता. हिब्रू कळली की जुन्या करारातील भविष्ये कळतील, आणि ती कळली की ख्रिस्ताचा स्वीकार होईल. तसे फारसे घडले नाही. हिब्रू शिकलेल्या बेने इस्राएलांनी ते ज्ञान आपल्याच धर्माच्या कामी लावले. ह्यात काय पणास लागले होते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बाविसाव्या स्तोत्रात हातापायांच्या उल्लेखाजवळ एक शब्द आहे. यहुद्यांच्या परंपरागत पाठात तो 'का-अरी' असा आहे आणि त्याचा अर्थ 'सिंहासारखे'. आरंभीचा 'क' हा उपमेचा लहानसा शब्द आहे, आमचा 'सारखा'. ख्रिस्ती परंपरा त्या जागी 'विंधले' ह्या अर्थाचे क्रियापद वाचते आणि त्यात क्रूसाचे भविष्य पाहते. उपमावाचक मानला की ते संकटग्रस्त भक्ताचे गाऱ्हाणे, क्रियापद मानले की ख्रिस्ताची साक्ष. मराठी बायबल हाती घेणाऱ्या रेवदंड्याच्या किंवा पेणच्या वाचकाला हा निर्णय आपल्यासाठी कोणीतरी आधीच करून ठेवला आहे हे कळण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे मूळ हिब्रू वाचता येणे, किंवा आपल्या माणसांनी केलेले भाषांतर हाती असणे.

अशी भाषांतरे झाली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी अर्थासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यास निघालेल्या हग्गादेत मूळ युरोपीय चित्रांच्या वळणावर काढलेली चित्रे आहेत आणि त्यांतील बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. बेने इस्राएलांची मराठी कीर्तनेही ह्याच शतकाच्या उत्तरार्धातली.

हग्गादेकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण लहान शब्दांचे व्याख्यान तिच्यातून थेट मराठी स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिच्यात बेन झोमा ह्यांचे मत येते. मिसर देशातून सुटल्याचे स्मरण आयुष्याचे सर्व दिवस करावे अशी आज्ञा आहे. 'आयुष्याचे दिवस' एवढे म्हटले असते तर दिवसच घेतले असते. 'सर्व' ह्या शब्दाने रात्रीही आल्या. इतर पंडित म्हणतात, 'दिवस' म्हणजे हे जग, 'सर्व' म्हणजे मशीहाचा काळही. ही कोटी प्रत्येक भाषेत सारखी उतरणार नाही. ती उतरण्यासाठी 'दिवस' ह्या शब्दाला दोन अर्थ हवेत, एक सूर्य असेपर्यंतचा आणि दुसरा आठ प्रहरांचा. हिब्रू 'योम'ला ते दोन्ही आहेत आणि सुदैवाने मराठी 'दिवसा'लाही आहेत. 'दिवसभर' काम केले असे म्हणणारा रात्र धरीत नाही आणि 'चार दिवस' राहिलो असे म्हणणारा रात्री वगळीत नाही. तेव्हा अलिबागेच्या घरात वल्हांडणाच्या रात्री हा शास्त्रार्थ वाचला गेला असता बायकामुलांना तो समजावून सांगावा लागला नसेल. पॅलेस्टाइनमधील पाठशाळेची कोटी कोकणात ओटीवर बसून कळली.

कथनातील 'वाव'ने मात्र मराठीला फार त्रास दिला. हिब्रू कथा 'वाव'च्या ओवीने चालते: आणि तो उठला, आणि तो गेला, आणि तो म्हणाला. मराठी कथेची चाल अशी नाही. आमचे 'उठून', 'जाऊन', 'घेऊन' हे ऊन-प्रत्ययान्त रूप दहा 'आणि' पोटात घेते, आणि जेथे थांबावयाचे तेथे 'मग' पुरतो. लीळाचरित्रातील 'मग' पाहावा, किंवा जुन्या पत्रव्यवहारातील 'ऐसियास'. मिशनरी भाषांतरांत वाक्याच्या आरंभी 'आणि' येऊ लागला तो मूळ वाववरील निष्ठेने. मराठी रसिकांनी त्याला नाके मुरडली. परंतु ह्या 'आणि'लाही आपले एक गांभीर्य आहे, आणि तो सर्वस्वी काढून टाकला तर त्या कथेचा सावकाश, अटळ पदन्यासही जातो. मिशनरी चुकले ते 'आणि' ठेवण्यात नव्हे. प्रत्येक वावला 'आणि'च हवा असे मानण्यात ते चुकले, असे आम्हांस वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे जे मराठी भाषांतर केले, ते खेड्यातील स्त्रीला कळावे अशा भाषेत करण्याचा त्यांचा निर्धार होता. ते काम पुरे होताच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाला.

राहता राहिला 'की'. हिब्रूतही हा शब्द 'की' असाच आहे, आणि मराठी वाचक तो पाहताच दचकतो. तिसऱ्या शतकातील रेश लाकिश ह्यांनी ह्या शब्दाचे चार अर्थ सांगितले: जर, न जाणो, उलट, कारण. अकराव्या शतकात फ्रान्समधील त्रॉय येथे राहणाऱ्या राशींनी (१०४०–११०५) ही चतुष्टयी आपल्या भाष्यात वारंवार वापरली. त्यांतील एक स्थळ आमच्या विशेष आवडीचे आहे. वार्धक्यात पुत्र होईल हे ऐकून सारा मनात हसते, आणि विचारता, भ्याल्यामुळे, आपण हसलोच नाही असे म्हणते. ह्यावर तिला सांगण्यात येते की तसे नाही, तू हसलीस. ह्या एका वचनात 'की' दोनदा आहे. राशी म्हणतात, पहिला 'की' कारण सांगतो, दुसरा 'उलट' ह्या अर्थी आहे. आता मराठी घरात हेच कसे बोलले जाईल? 'नाही कसं, हसलीस की!' हा 'की' कारणाचा नव्हे, विकल्पाचा नव्हे, 'असे म्हणाला की' मधलाही नव्हे. समोरच्याचा नकार मोडून काढणारा हा 'की' आहे, आणि राशींना दुसऱ्या 'की'मध्ये नेमके तेच दाखवावयाचे होते.

एवढ्यावरून दोन्ही 'की' एकाच कुळातले असे कोणी म्हणू लागेल तर त्याला आवरले पाहिजे. हिब्रू 'की' सेमिटिक कुळातील. मराठी 'की'च्या पाठीशी एकीकडे संस्कृत 'किम्' आणि दुसरीकडे फारसी 'कि' आहे, आणि ती दोन्ही आर्यकुळातली. साम्य केवळ ध्वनीचे आणि योगायोगाचे. खरे नाते निघते ते ज्याच्याविषयी कोणालाही शंका येत नाही त्या 'व'शी. आमचा 'व' अरबीतून फारसीत आणि फारसीतून राजव्यवहाराच्या मराठीत आला. अरबी 'व' आणि हिब्रू 'वाव' ही सख्खी भावंडे. तेव्हा विल्सनच्या व्याकरणावरून धडे गिरविणाऱ्या बेने इस्राएल मुलाने वावच्या खाली 'व' लिहिला, तेव्हा त्याने भाषांतर केले असे म्हणण्यापेक्षा दिल्ली-दौलताबादच्या मार्गाने फिरून आलेला तोच शब्द पुन्हा आपल्या जागी ठेवला, असे म्हणावे लागेल.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य इस्रायलात गेले. तेथे हिब्रू ही त्यांच्या मुलांची बोलण्याची भाषा झाली आणि मराठी घरातली, म्हाताऱ्यांची भाषा राहिली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. अर्थ लावावयाची भाषा आता उलटली: आजोबांनी मराठीतून हिब्रू समजून घेतली होती, नातवाला आजोबांच्या 'की'चा अर्थ हिब्रूतून समजावून सांगावा लागतो.